सातेल्लेस: हुजऱ्या कुणाचा, ते षष्ठीला विचारा

लॅटिन कोशात या नामाची नोंद जेमतेम अर्ध्या ओळीची असते. आधी 'सातेल्लेस', स्वल्पविराम, मग नुसतं '-इतिस', मग लिंगाच्या जागी 'कोम.' हा संक्षेप, आणि त्यापुढे अर्थ: अंगरक्षक, सेवक, हुजऱ्या, साथीदार, हस्तक. नवशिके थेट अर्थावर उडी मारतात आणि पाचांतला बरा दिसेल तो उचलतात. तिथेच वाक्य फसतं. कोणता अर्थ घ्यायचा याचा निकाल बहुतेक वेळा शेजारचा षष्ठीचा शब्द लावतो, आणि तो शेजारी ओळखायचा तर आधी रूपं हातात हवीत. म्हणून व्याकरण आधी, अर्थ मागून.

लिप्यंतराबद्दल थोडं. लॅटिनचा 'आ' ह्रस्वही असतो, पण मराठी 'अ' त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून इथे सगळीकडे 'आ' लिहिला आहे. 'सातेल्लेस'मधला 'सा' ह्रस्वच आहे. 'ए' आणि 'ओ' ह्रस्व की दीर्घ हे देवनागरीत दाखवता येत नाही, तेव्हा गरज पडेल तिथे सांगेन. दोन 'ल' मात्र दोन्ही उच्चारायचे, 'गल्ली'त उच्चारतो तसे.

'-इतिस' नेमकं कुठे जोडायचं?

कोशातलं '-इतिस' हे षष्ठी एकवचनाचं शेपूट आहे. ते अख्ख्या प्रथमेला चिकटवून 'सातेल्लेसितिस' करणारे दरवर्षी भेटतात. शेपूट लावायचं ते 'एस' काढून: सातेल्ल् + इतिस = सातेल्लितिस. आता या षष्ठीतून शेवटचा 'इस' काढा. उरतं ते 'सातेल्लित्'. हे या नामाचं अंग. प्रथमा आणि संबोधनाचं एकवचन सोडलं तर प्रत्येक रूप याच अंगावर उभं राहतं.

मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. 'पाऊस' म्हणतो, पण प्रत्यय लावताना 'पावसाला', 'पावसात'. 'भाऊ', पण 'भावाचा'. आपण त्याला सामान्यरूप म्हणतो आणि विचार न करता वापरतो. लॅटिन तिसऱ्या वर्गातल्या (नामं ज्या पाच साच्यांत चालतात त्यांतल्या तिसऱ्या साच्यातल्या) नामांचं हेच आहे, फक्त इथलं सामान्यरूप प्रथमेवरून ओळखता येत नाही. ते षष्ठीसोबत पाठ करावं लागतं. 'सातेल्लेस' एकटं पाठ केलंत तर काहीच पाठ केलं नाही असं समजा. 'सातेल्लेस, सातेल्लितिस' ही जोडीच पाठ हवी.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आणखी सोपं. हे व्यंजनान्त नाम आहे, 'मरुत्'च्या जातीचं. प्रथमा एकवचनाचा मूळ प्रत्यय दोन्हीकडे 'स्'. अंगाच्या शेवटी 'त्' आणि त्यापुढे 'स्' अशी गर्दी झाली की कुणाला तरी बाहेर जावं लागतं. संस्कृतने 'स्' टाकला आणि 'मरुत्' ठेवलं. लॅटिनने 'त्' टाकला आणि 'स्' ठेवला. म्हणून प्रथमेत 'त' दिसत नाही आणि बाकी सगळीकडे दिसतो. 'मीलेस', म्हणजे सैनिक, हे याच साच्याचं नाम. जुना रोमन नाटककार प्लाउतुस याच्या नाटकांतल्या पद्यात त्याचं शेवटचं अक्षर गुरू मोजावं लागतं, कारण त्या काळी तिथे गेलेल्या 'त्'ची खूण म्हणून दुहेरी 'स' ऐकू येत होता. पुढच्या कवींकडे ते लघु झालं.

मग प्रथमेत 'ए' आणि इतरत्र 'इ' का? फार जुन्या लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडायचा आणि मधले ह्रस्व स्वर झिजायचे. अक्षर उघडं असेल, म्हणजे स्वरावर संपत असेल, तर झीज 'इ'पर्यंत जायची. अक्षर व्यंजनाने बंद असेल तर 'ए'वर थांबायची. 'फाकिओ' (मी करतो) या क्रियापदाला उपसर्ग लागला की 'कोन्फिकिओ' होतं, पण त्याचं धातुसाधित 'कोन्फेक्तुस'. कारण तेच. 'सा-तेल्-लि-तिस'मध्ये 'लि' उघडं आहे, 'सा-तेल्-लेस'मध्ये 'लेस' बंद आहे.

पूर्ण रूपं अशी. आधी एकवचन, मग अनेकवचन:

प्रथमा: सातेल्लेस, सातेल्लितेस
द्वितीया: सातेल्लितेम, सातेल्लितेस
चतुर्थी: सातेल्लिती, सातेल्लितिबुस
पंचमी: सातेल्लिते, सातेल्लितिबुस
षष्ठी: सातेल्लितिस, सातेल्लितुम
संबोधन: सातेल्लेस, सातेल्लितेस

तृतीया आणि सप्तमी कुठे गेल्या असं संस्कृतवाला विचारणारच. लॅटिनमध्ये त्यांचं बरंचसं काम पंचमीच्या पोटात गेलं. बाकी नातं लपत नाही: मरुतम् आणि सातेल्लितेम, मरुते आणि सातेल्लिती, मरुताम् आणि सातेल्लितुम. 'मरुद्भ्यः'मधला 'भ्यः' आणि 'सातेल्लितिबुस'मधला 'बुस' हेही एकाच घरातले.

यातल्या दोन जागा घसरड्या आहेत. पहिली, अनेकवचनात प्रथमा आणि द्वितीया सारख्याच. त्या वेगळ्या काढायला शेजारचं विशेषण किंवा क्रियापद लागतं, त्याचं उदाहरण पुढे येतं. दुसरी, 'सातेल्लितिस' हे फक्त षष्ठी एकवचन. काही छापील आवृत्त्यांत 'ऊर्बेस'च्या जागी 'ऊर्बीस' असं द्वितीया अनेकवचन दिसतं. ते पाहून इथेही तसं असेल असं वाटतं. ती सोय इकारान्त अंगांची आहे, या नामाला ती नाही.

षष्ठी अनेकवचनात 'उम' की 'इउम', हा तिसऱ्या वर्गातला कायमचा छळ. घरगुती नियम असा: प्रथमा आणि षष्ठी एकवचनात अक्षरांची संख्या सारखी असेल तर बहुधा 'इउम'. 'नूबेस, नूबिस' (ढग) दोन्हीकडे दोनच अक्षरं, म्हणून 'नूबिउम'. सातेल्लेसमध्ये तीन, सातेल्लितिसमध्ये चार, आणि अंगाच्या शेवटी एकच व्यंजन, म्हणून 'सातेल्लितुम'. 'सातेल्लितिउम' लिहिलंत तर चूक.

'एस'ने संपणाऱ्यांची भाऊगर्दी

'सातेल्लेस'च्या शेवटाला भुलून गोंधळ होतो, कारण 'एस'वर संपणारी नामं लॅटिनमध्ये ढिगाने आहेत आणि त्यांच्या पोटात वेगवेगळी अंगं दडलेली आहेत. ज्या गटाशी याचं जमतं तो सोपा आहे: मीलेस–मीलितिस (सैनिक), एक्वेस–एक्वितिस (घोडेस्वार), पेदेस–पेदितिस (पायदळातला शिपाई), कोमेस–कोमितिस (सोबती), होस्पेस–होस्पितिस (पाहुणा, आणि यजमानसुद्धा). सगळी माणसं, आणि बरीचशी कुणासोबत तरी चालणारी. यातलं एक पाठ असलं की उरलेली फुकट मिळतात.

पण 'ओब्सेस' (ओलीस) याची षष्ठी 'ओब्सिदिस', 'त'च्या जागी 'द'. 'प्राएसेस' (अध्यक्ष) तसंच, 'प्राएसिदिस'. 'हेरेस' (वारस) 'हेरेदिस', तिथला 'ए' दीर्घ असल्यामुळे झिजत नाही. 'सेगेस' (उभं पीक) 'सेगेतिस' आणि 'इन्तेर्प्रेस' (दुभाषा) 'इन्तेर्प्रेतिस', ह्रस्व असूनही 'ए' तसाच. 'दिएस' (दिवस) तर पाचव्या वर्गातला. अंदाजाने षष्ठी लावायची सवय असेल तर ती या गर्दीत मोडते, आणि मोडलेलीच बरी.

या गटातल्या 'कोमेस'बद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याची फोड 'कोम्' (सह) + 'इ' (जाणे) + 'त्' अशी आहे. धातू ह्रस्व स्वरावर संपत असेल तर समासाच्या शेवटी 'त्' घुसवायचा, हे संस्कृतात पाणिनीने 'तुक्' आगम म्हणून नोंदवलंय. 'जि'पासून 'इंद्रजित्' होतो तो याच वाटेने. 'सातेल्लेस'ची अशी सुरेख फोड मात्र होत नाही. हा शब्द एट्रुस्कनमधून (इटलीतल्या एत्रुरियाच्या जुन्या भाषेतून) लॅटिनमध्ये आला असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात, पण ते 'असावा'च्या पुढे जात नाहीत. 'सातिस' (पुरेसं) वगैरेशी जोडलेल्या व्युत्पत्त्या दिसल्या तर पान उलटा.

लिंग: डॉक्टर आला, डॉक्टर आली

कोशातलं 'कोम.' म्हणजे हे नाम पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्ही. मराठीत 'डॉक्टर' हा शब्द बदलत नाही, लिंग कळतं ते क्रियापदावरून. लॅटिन क्रियापदाच्या साध्या रूपात लिंग नसतं, म्हणून इथे विशेषण किंवा धातुसाधित बघायचं.

रोमन वक्ता सिसेरोने आपल्या गावच्या मारिउस या सेनानीवर एक काव्य रचलं होतं आणि त्यातल्या ओळी स्वतःच 'दे दिविनात्सिओने'त उद्धृत केल्या. तिथे गरुड येतो असा: 'योविस आल्तिसोनी सुबितो पिन्नाता सातेल्लेस'. उंचावरून गरजणाऱ्या देवराज जुपिटरची ('योविस' ही त्याच्याच नावाची षष्ठी) पंखधारी सेविका, अचानक. 'पिन्नाता' स्त्रीलिंगी, कारण 'आक्विला' म्हणजे गरुड हे लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी नाम. आता रोमन कवी होरेसच्या ओडांच्या (गेय कवितांच्या) दुसऱ्या पुस्तकातलं अठरावं घ्या. तिथे 'सातेल्लेस ओर्की', यमलोकीचा सेवक म्हणजे नावाडी खारोन, सोन्याला भुलून प्रोमेथेउसला परत आणत नाही. 'आउरो काप्तुस', सोन्याने पकडला गेलेला. 'काप्तुस' पुल्लिंगी. शब्द तोच, शेपूटही तेच, लिंग दोन.

विशेषण जोडताना हमखास होणारी चूक म्हणजे नामाचा प्रत्यय विशेषणाला लावणं. 'रेगिउस' (राजाचा, शाही) पहिल्या-दुसऱ्या वर्गातला. तो आपल्याच वर्गाने चालतो: रेगिउस सातेल्लेस, षष्ठीत रेगिई सातेल्लितिस, चतुर्थीत रेगिओ सातेल्लिती, अनेकवचनात रेगिई सातेल्लितेस, षष्ठीत रेगिओरुम सातेल्लितुम. लिंग, वचन, विभक्ती जुळली पाहिजे. शेपटांचं यमक जुळलंच पाहिजे असं नाही.

विशेषण तिसऱ्या वर्गातलंच निघालं तर सापळा आणखी बारीक. 'फिदेलिस' (विश्वासू) लावून पंचमी करा: फिदेली सातेल्लिते. विशेषणाला 'ई', नामाला 'ए'. षष्ठी अनेकवचन: फिदेलिउम सातेल्लितुम. विशेषणाला 'इउम', नामाला 'उम'. दोन्ही एकाच वर्गात असून वेगळे चालतात, कारण विशेषण इकारान्त अंगाचं आणि नाम व्यंजनान्त.

आता अर्थ

'सातेल्लेस' हा कुणाच्या तरी अंगाशी असतो. राजाच्या, जुलमी सत्ताधीशाच्या, देवाच्या. तो नोकर आहे पण भांडी घासणारा नाही, आणि हत्यारबंद आहे पण रणांगणावरचा सैनिक नाही. मराठेशाहीत धन्याच्या खास तैनातीतल्या फौजेला 'हुजुरात' म्हणत आणि धन्यासमोर हजर असणाऱ्या चाकराला 'हुजऱ्या'. या दोन शब्दांच्या मधोमध कुठेतरी सातेल्लेस बसतो. 'सेवक' फार मऊ, 'सैनिक' फार मोकळा.

रोमन माणसाच्या तोंडी या शब्दाला वास होता. राजे हाकलून दिल्याचा अभिमान बाळगणारं ते गाव. कॉन्सलच्या (रोमच्या निवडून आलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या) पुढे चालणारे बारा जण 'लिक्तोर', हुकूमशहापुढचे चोवीस हेही 'लिक्तोर'. ते राज्याचे अधिकृत कर्मचारी. 'सातेल्लितेस' असतात ते राजांना. इतिहासकार लिवीच्या दुसऱ्या पुस्तकात तरुण रोमन मूकिउस शत्रूच्या छावणीत शिरून राजा पोर्सेन्नाच्या ऐवजी त्याच्या चिटणीसाला मारतो, आणि त्याला धरून मागे ओढतात ते 'रेगिई सातेल्लितेस'. इथे षष्ठीचं काम विशेषणाने केलंय, 'रेगिस'ऐवजी 'रेगिई', पण प्रश्न तोच: कुणाचे? राजाचे. म्हणून 'राजाचे अंगरक्षक' हा सरळ अर्थ बसतो. हाच शब्द एखाद्या रोमन पुढाऱ्याच्या माणसांना लावला की ती शिवी होते. मराठीत तिथे 'बगलबच्चे' लागेल.

सिसेरो तो असाच लावतो. इसवीसनपूर्व 63 मधलं, सत्ता उलथवायचा कट करणाऱ्या कातिलिनाविरुद्धचं पहिलं भाषण. कातिलिनाचा माणूस मान्लिउस एत्रुरियात शस्त्रं गोळा करून बसलाय. सिसेरो त्याचं वर्णन करतो: 'आउदाकिआए सातेल्लितेम आत्क्वे आद्मिनिस्त्रुम तुआए'. इथे थांबून एकेक शब्द सोडवू.

'सातेल्लितेम' आणि 'आद्मिनिस्त्रुम' दोन्ही द्वितीया एकवचन, 'आत्क्वे' म्हणजे 'आणि'. दुसरं नाम 'आद्मिनिस्तेर', दुसऱ्या वर्गातलं, म्हणून त्याचं शेपूट 'उम'. शेवटचा 'तुआए' म्हणजे 'तुझ्या'. घाईत वाचणारा तो 'सातेल्लितेम'ला जोडतो आणि 'तुझा हस्तक' असं भाषांतर करून मोकळा होतो. पण 'तुआए' हे स्त्रीलिंगी षष्ठी रूप आहे. ते पुल्लिंगी द्वितीयेशी जुळूच शकत नाही. ते जुळतं वाक्यखंडाच्या दुसऱ्या टोकाच्या 'आउदाकिआए'शी, म्हणजे बेडरपणाशी, दांडगाईशी. विशेषण आणि नाम दोन टोकांना ताणून मधे सगळा ऐवज ठेवणं ही सिसेरोची आवडती खोड. अर्थ झाला: 'तुझ्या दांडगाईचा हस्तक आणि कारभारी'. मान्लिउस माणसाचा नोकर नाही, दुर्गुणाचा नोकर आहे. बोच तिथेच आहे, आणि 'तुझा हस्तक' म्हटलं की ती जाते.

तोच सिसेरो 'दे लेगिबुस'च्या पहिल्या पुस्तकात लिहितो की निसर्गाने माणसाला बुद्धीची चपळाई तर दिलीच, शिवाय 'सेन्सूस ताम्क्वाम सातेल्लितेस आत्त्रिबुइत आक नून्तिओस', इंद्रियं दिली, जणू हुजरे आणि जासूद म्हणून. इथे शब्द कौतुकाचा आहे. 'ताम्क्वाम' (जणू) घालून त्याने आधी जमीन नांगरून घेतली आहे, हेही ध्यानात घ्यावं. शिवी देताना त्याला 'जणू'ची गरज वाटली नव्हती.

होरेस पत्रांच्या पहिल्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला स्वतःला 'विर्तूतिस वेराए कुस्तोस रिगिदुस्क्वे सातेल्लेस' म्हणवतो. खऱ्या सद्गुणाचा राखणदार आणि कडक शिपाई. षष्ठी सद्गुणाची, म्हणून सातेल्लेसही सज्जन. होरेसला गंमत करायची लहर आली आहे हे 'रिगिदुस' सांगतो.

तेव्हा रीत अशी ठेवा. सातेल्लेस दिसला की डावी-उजवीकडे षष्ठी शोधा, नसेल तर षष्ठीचं काम करणारं विशेषण. योविस (जुपिटरचा) असेल तर दूत किंवा सेवक. रेगिस (राजाचा) असेल तर अंगरक्षक. तिरान्नी (जुलमी सत्ताधीशाचा) असेल तर गुंड. अमूर्त नाम असेल तर त्या नामाचा जो रंग तोच सातेल्लेसचा. षष्ठी सापडलीच नाही तर आधीच्या वाक्यात सत्ता कुणाच्या हाती आहे ते बघा.

षष्ठीशिवायचं एक मजेदार उदाहरण प्लाउतुसच्या 'मीलेस ग्लोरिओसुस'मध्ये आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी बढाईखोर सैनिक आपल्या लवाजम्याला फर्मावतो: 'सेक्विमिनी, सातेल्लितेस'. चला मागून. क्रियापद आज्ञार्थी अनेकवचन, त्यामुळे 'सातेल्लितेस' हे संबोधन. 'कुणाचे'चं उत्तर त्याच्या डोक्यात स्पष्ट आहे: आपण राजाच की! शिपाईगड्याने राजाचा शब्द वापरावा यातच विनोद आहे, आणि 'माझ्या नोकरांनो' असं भाषांतर केलं की तो हरवतो.

मघाशी प्रथमा-द्वितीयेच्या साम्याचं बोललो, त्याचं उदाहरण होरेसच्या तिसऱ्या पुस्तकातल्या सोळाव्या ओडात. दानाए या राजकन्येला बुरुजात कोंडलंय, बाहेर पहारा आहे, आणि तरी: 'आउरुम पेर मेदिओस ईरे सातेल्लितेस... आमात'. 'सातेल्लितेस' कर्ता समजून 'पहारेकऱ्यांना सोनं आवडतं' असं वाचणारे असतात. अर्थ ओढूनताणून लागतोसुद्धा, म्हणून चूक पकडली जात नाही. पण 'आमात' एकवचनी आहे, तेव्हा कर्ता 'आउरुम'. आणि 'मेदिओस' पुल्लिंगी द्वितीया अनेकवचन, 'पेर'ला द्वितीयाच लागते, तेव्हा 'पेर मेदिओस सातेल्लितेस' हा एक गठ्ठा. सोन्याला पहारेकऱ्यांच्या मधोमध घुसून जायला आवडतं.

आकाशातले हुजरे

1610 च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूजवळ चार ठिपके पाहिले आणि आश्रयदात्या घराण्याच्या नावाने त्यांना 'मेदिचीचे तारे' म्हटलं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते स्वतः दुर्बिणीतून पाहिले, आणि 1611 मध्ये छापलेल्या पुस्तिकेच्या शीर्षकात लिहिलं: 'दे ओब्सेर्वातिस आ से क्वातुओर योविस सातेल्लितिबुस एर्रोनिबुस'.

शीर्षक सोडवायला सोपं आहे. 'दे' (विषयी) पंचमी घेतं, म्हणून 'सातेल्लितिबुस'. 'क्वातुओर' (चार) चालतच नाही, सदा तसाच. 'ओब्सेर्वातिस आ से', स्वतः पाहिलेल्या. आणि मधोमध आपली षष्ठी, 'योविस'. जुपिटर हा ग्रहही (आपला गुरू) आणि देवांचा राजाही, त्यामुळे सिसेरोच्या गरुडाचा शब्द केप्लरला अलगद लागू पडला. 'एर्रोनिबुस' 'एर्रो'पासून, म्हणजे भटक्या. रोमन कायद्यात 'एर्रो' हा कायमचा न पळता कामावरून उंडारणारा गुलाम. ग्रह म्हणजे भटके ही ग्रीक कल्पना आणि हुजरे उंडारतायत हा विनोद, दोन्ही एका शब्दात. पुढे शीर्षकात या चौघांसाठी 'क्वोस' हे पुल्लिंगी संबंधी सर्वनाम येतं, तेव्हा केप्लरचे हुजरे पुरुष. 1614 मध्ये सिमोन मारिउस या खगोलशास्त्रज्ञाने सुचवलेल्या नावांमुळे पुढे त्यांतल्या तीन स्त्रिया ठरल्या, तो भाग वेगळा. उरलेला गानिमीड हा मात्र जुपिटरचा प्याला भरणारा खराखुरा हुजऱ्या, आणि कथेत त्याला पळवून नेणारा गरुड तर 'योविस सातेल्लेस' आधीपासूनच.

मराठी 'उपग्रह' शास्त्राला चोख आहे, पण त्याच्यात हुजरेगिरी नाही. इंग्रजीत बड्या सत्तेच्या मुठीतल्या देशाला 'सॅटेलाइट स्टेट' म्हणतात, तिथे आपण 'उपग्रह राष्ट्र' न म्हणता 'अंकित राष्ट्र' म्हणतो ते बरोबरच करतो. त्या वापरात ग्रहगोल कमी आणि जुन्या जुलमी राजाचा अंगरक्षक जास्त आहे.

इंग्रजीमुळे एक तांत्रिक घोटाळाही होतो. इंग्रजी 'सॅटेलाइट'चं स्पेलिंग आणि लॅटिन पंचमी एकवचन 'सातेल्लिते' हुबेहूब एक. अनेकवचनंही एकच. इंटरनेटवर लॅटिन वाक्य शोधायला गेलात तर कृत्रिम उपग्रहांचा पाऊस पडतो. षष्ठीचं किंवा 'बुस'वालं रूप टाकून शोधा, लॅटिनच सापडेल.

उच्चाराचा नियम थोडक्यात. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर तिसऱ्यावर. सा-तेल्-लेस आणि सा-तेल्-लि-तिसमध्ये 'तेल्'वर, सा-तेल्-लि-ति-बुसमध्ये 'लि'वर. गोवा-वसईकडच्या चर्चमध्ये ऐकलेल्या लॅटिनमध्ये सिसेरो 'चिचेरो' होतो, पण या शब्दाला 'क' नसल्याने तो इकडे-तिकडे सारखाच. अठराव्या शतकातल्या इंग्रजी कवींना हा लॅटिन आघात कानात होता. अलेक्झांडर पोपच्या 1733 च्या 'एसे ऑन मॅन'मध्ये गुरूच्या उपग्रहांची ओळ आहे, ती वृत्तात बसते ती हा शब्द लॅटिनसारखा चार अक्षरांचा, 'तेल्'वर आघात देऊन वाचला तरच.

लिहून बघायचं असेल तर

मराठी बोलणाऱ्याची इथे एक खास चूक होते. 'अंगरक्षकांनी राजाला मारलं' या वाक्यात आपल्या कर्त्याला 'नी' लागतो, म्हणून हात आपोआप पंचमीकडे जातो. लॅटिन कर्तरी वाक्यात कर्ता प्रथमेतच हवा: सातेल्लितेस रेगेम इन्तेर्फेकेरुन्त. 'राजा अंगरक्षकांकडून मारला गेला' असं फिरवलं तरच पंचमी, आणि माणसं असल्याने तिच्याआधी 'आ' हवाच: रेक्स आ सातेल्लितिबुस सुईस इन्तेर्फेक्तुस एस्त. 'तलवारीने' असतं तर नुसतं 'ग्लादिओ', 'आ' नको. आपल्याकडे 'त्याने' आणि 'तलवारीने' दोन्हीला 'ने', म्हणून हा फरक मुद्दाम घोटावा लागतो.

'राजा विश्वासू हुजऱ्यासह येतो': रेक्स कुम सातेल्लिते फिदेली वेनित. 'फिदेले' लिहिलं असेल तर वरचा 'ई'चा भाग पुन्हा वाचा.

'राणीची विश्वासू सेविका' करताना 'रेगीनाए सातेल्लेस फिदेलिस' चूक नाही, पण सेविका आहे की सेवक ते त्यातून कळत नाही, कारण 'फिदेलिस' दोन्ही लिंगांत सारखंच. बाईच आहे हे दाखवायचं तर पहिल्या-दुसऱ्या वर्गातलं विशेषण घ्या: रेगीनाए सातेल्लेस फीदा.